माळ्यावरची मासिकं: ठेवायची, द्यायची की रद्दीत घालायची?

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, किंवा आईबाबांचं घर आवरायला काढलंय, किंवा घरातलं कोणीतरी "तो माळा एकदा बघाच" म्हणून मागे लागलंय, आणि वरून निघालेत मासिकांचे गठ्ठे. दिवाळी अंक, किर्लोस्कर, स्त्री, चांदोबा, साप्ताहिकं, मध्येच इंग्रजी रीडर्स डायजेस्ट आणि दोन हजार सालच्या आसपासची सीडी चिकटवलेली कॉम्प्युटरची मासिकं. माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही घरं रिकामी करताना मला हे सगळं करावं लागलं, त्यामुळे पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मासिकाचं नाव किती मोठं आहे यावरून निर्णय घेऊ नका. नावाजलेली मासिकं हजारो घरांनी जपलेली असतात, वाचनालयांत बांधून ठेवलेली असतात, काहींचं स्कॅनिंगही झालेलं असतं. पहिल्या झटक्यात जे रद्दीत जातं, म्हणजे शाळेची वार्षिकं, गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, ज्ञातीचं मासिक, कारखान्याच्या युनियनचं चार पानी पत्रक, ते बऱ्याचदा तुमच्याच घरी उरलेलं असतं. म्हणून प्रश्न दोनच विचारायचे: आपण हा अंक काढला तर तो दुसरीकडे मिळेल का? आणि आपल्या घरात तो खरंच कोण उघडणार आहे?

हाताशी काय काय लागेल

– मास्क आणि जुने कपडे. धुळीचा त्रास असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा
– रंगकामाचा मऊ ब्रश, कोरडं सुती फडकं (ओलं अजिबात नाही)
– पेन्सिल. पेन किंवा मार्कर नको
– पिना काढायला बोथट सुरी, सुई आणि पांढरा सुती दोरा
– पुठ्ठ्याचे छोटे खोके. छोटेच, कारण कागद भयंकर जड असतो. दोनशे पानी दिवाळी अंक पाव किलोच्या पुढे जातो, म्हणजे चाळीस अंक झाले की दहा किलो. टीव्हीचा खोका भरलात तर तो जागचा हलणार नाही
– यादीसाठी वही किंवा फोनवर एक्सेल शीट

१. अंक नंतर, आधी जागा ठरवा

बहुतेक लोक उलटं करतात. आधी "हे ठेवू, हेही ठेवू" करत बसतात आणि मग ठेवायचं कुठे यावरून वाद. आधी घरातला एक कप्पा ठरवा, त्याची लांबी मापून घ्या आणि घरच्यांना सांगा की एवढ्यात मावेल तेवढंच राहणार. कप्पा माळ्यावरचा नको आणि दिवाणाच्या पोटातला तर मुळीच नको. माळा स्लॅबला लागून असतो, उन्हाळ्यात भट्टी तापते आणि पावसाळ्यात गळतं. दिवाण भिंतीला चिकटलेला असतो, ती बाहेरची भिंत असेल तर ओल सरळ आत येते.

रिडेव्हलपमेंटमुळे दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात राहणार असाल तर कप्पा त्या घरातला धरा, नव्या फ्लॅटचा नाही. नव्या फ्लॅटमध्ये मोठ्ठं बुकशेल्फ करणार आहोत असं सगळेच म्हणतात, पुढे इंटिरियरवाला त्या जागी टीव्ही युनिट काढतो.

२. पावसाळ्याआधी काढा, आणि एकदम उघडू नका

मार्च ते मे हे महिने उत्तम. पावसाळ्यात माळा उघडलात तर कोरडे असलेले अंकही दमट हवा ओढून घेतात, आणि कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर पाऊस संपल्यावरही काही दिवस जाऊ द्या.

गठ्ठा खाली आणल्यावर सुतळी ओढून तोडायची नाही, कापायची. सुतळीने कडा आधीच कापल्या गेलेल्या असतात, त्यात तुम्ही ओढलंत की वरच्या-खालच्या अंकाचं कव्हर गेलंच. गच्चीत किंवा बाल्कनीत सावलीत पसरा, कडक उन्हात नको, उन्हाने कागद आणखी पिवळा आणि ठिसूळ होतो.

वाळवी दिसली, म्हणजे मातीच्या रेघा किंवा आतून पोखरलेली पानं, तर तो गठ्ठा तसाच घराबाहेर न्या, आतल्या खोलीत आणून तपासत बसू नका. कसर वेगळी. ती चपळ, चंदेरी, खळ आणि डिंकाच्या मागे असते, कव्हरचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा करते. कसर लागलेला अंक साफ करून वाचवता येतो, वाळवीने चाळण केलेला सहसा नाही. बुरशीचे काळे-हिरवे ठिपके असतील तर मास्कशिवाय हात लावू नका, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर असे अंक ठेवायचा हट्ट सोडा, मग ते कितीही दुर्मिळ असोत.

पाणी लागलेल्या आर्ट पेपरच्या मासिकांबद्दल वेगळं सांगते. गुळगुळीत कागदावर मातीचा लेप असतो, तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना विटेसारखी चिकटतात. अशी वीट झालेली असेल तर जोर लावून उघडू नका, चित्र एका पानावरून दुसऱ्यावर येतं. तिला सरळ रामराम करा.

३. प्रत्येक अंक झटका आणि चाळा

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक गाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. आधीच्या पिढीची मासिकं म्हणजे घरातली दुसरी तिजोरी होती. आमच्याकडे काय निघालं ते सांगते: एलआयसीच्या पावत्या, एका कंपनीचं कागदी शेअर सर्टिफिकेट, लग्नाच्या आहेराची यादी, एक दहाची नोट, वाळलेलं पिंपळपान, आणि 'स्त्री'च्या एका अंकात विणकामाच्या नमुन्यावर सासूबाईंनी पेन्सिलीने टाके मोजून लिहिलेले आकडे, बाजूला कोणाचं माप आहे ते नाव. नमुना मासिकातला, पण स्वेटर मापाचा व्हावा म्हणून त्यांनी बाहीचं गणित पूर्ण बदललं होतं, दोन ओळी खोडून पुन्हा लिहिलं होतं. असा अंक ठेवायचा की नाही याला चर्चा नको, तो मासिक राहिलेला नसतो.

जुनं शेअर सर्टिफिकेट सापडलं तर टाकू नका. कंपनी दुसरीत विलीन झालेली असू शकते, आणि सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी) खात्यात गेलेले असतात, तिथून वारसांना ते मागता येतात. कटकटीचं काम आहे पण होतं. पोस्टाची जुनी सर्टिफिकेटं, फिक्स्डच्या पावत्या, घराच्या व्यवहाराचा कुठलाही कागद हे सगळं एका वेगळ्या फाइलीत टाका आणि मासिकं संपल्यावरच उघडा, नाहीतर दिवस त्यातच जातो.

४. चार ढीग करा, आणि वाचत बसू नका

वाचत बसू नका हे सांगणं सोपंय, मला माहितीये. तरी ढीग करताना फक्त कव्हर, अनुक्रमणिका आणि मधली दोन पानं एवढंच बघा.

पहिला ढीग घरचा: ज्यात घरातल्या कोणाचं काही छापून आलंय, पत्र, कविता, पाककृती, शब्दकोड्याचं बक्षीस, फोटो, किंवा ज्यावर घरच्यांच्या हाताचं काही लिहिलंय.

दुसरा ढीग कुठे न मिळणाऱ्यांचा: स्मरणिका, शाळा-कॉलेजची वार्षिकं, गावाच्या किंवा साखर कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाचे अंक, लघुनियतकालिकं, जिल्ह्याच्या ठिकाणी निघून दोन वर्षांत बंद पडलेली मासिकं. हा ढीग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिसायला दळभद्री असतो, कागद न्यूजप्रिंटचा, छपाई फुटलेली, पण आत वर्गणीदारांची यादी, दुकानांच्या जाहिराती, तेव्हाच्या नाटकांची पात्रयोजना, बसस्टँडचा फोटो असं काय काय असतं.

तिसरा ढीग नावाजलेल्या मासिकांचा. आणि चौथा उरलेल्यांचा: शेअरबाजाराची, करिअरची, कॉम्प्युटरची, राशिभविष्याची, निवडणूक विशेषांक वगैरे. चौथा ढीग झटकून सरळ रद्दीला, त्यावर वेळ घालवू नका.

तिसऱ्या ढिगातच खरी गंमत आणि खरी भांडणं. त्यासाठी पुढची पायरी.

५. तिसऱ्या ढिगाचं काय? आधी मिळतं का ते बघा

'किशोर' १९७१ मध्ये सुरू झालं आणि बालभारतीने त्याचे जुने अंक स्कॅन करून वेबसाइटवर फुकट वाचायला ठेवलेत. 'साधना' साप्ताहिक १९४८ चं, त्याचेही जुने अंक डिजिटल झालेत. अर्काइव्ह डॉट ऑर्गवर जुन्या मराठी मासिकांचे बरेच अंक लोकांनी चढवलेत, नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही पद्धतींनी टाकून शोधा, कारण चढवणाऱ्याने काय टाइप केलंय याचा भरवसा नसतो. मिळालं तर एकदा उघडून पानं पूर्ण आहेत का बघा, अर्धवट स्कॅन पुष्कळ असतात.

मिळालं तर छापील अंक ठेवायचं कारण उरतं का? कधीकधी उरतं. 'आवाज'चा दिवाळी अंक १९५१ पासूनचा, त्यातली खिडकीचित्रं पडद्यावर बघण्यात काही अर्थ नाही, पान उलटल्यावर खालचं चित्र वेगळंच निघतं ती सगळी मजा कापलेल्या कागदाची आहे. असा अंक असेल तर खिडक्या फाटलेल्या नाहीत ना ते तपासा, बहुतेक घरांत मुलांनी त्या फाडलेल्याच असतात. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला, तो किंवा रघुवीर मुळगावकरांचं चित्र असलेलं कव्हर रंग टिकून असेल तर ठेवा, कव्हरसाठीच ठेवा.

आणखी एक, जे मला एका ग्रंथपालबाईंनी समजावलं. वाचनालयात वर्षाचे अंक एकत्र बांधताना बाइंडर पुष्कळदा कव्हरं आणि जाहिरातींची पानं काढून टाकतो, वर कटिंग करून समास उडवतो. त्यामुळे 'सगळं वाचनालयात आहे' हे मजकुरापुरतं खरं असतं. सुटे, कव्हरसकट, जाहिरातींसकट असलेले अंक त्या मानाने कमी उरलेत. तुमच्याकडे किर्लोस्करांच्या त्रयीतले म्हणजे 'किर्लोस्कर' (१९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून सुरू झालं), 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) यांचे स्वातंत्र्याआधीचे सुटे अंक अखंड असतील तर रद्दीवाल्याला फोन करायच्या आधी पायरी आठ वाचा.

दिवाळी अंकांबद्दल लोकांच्या फार मोठ्या कल्पना असतात. पहिला दिवाळी अंक का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये काढला. त्या काळातलं काही हाती लागलं तर गोष्ट वेगळी. पण ऐंशी-नव्वदच्या दशकातले आणि त्यानंतरचे दिवाळी अंक? वाचनालयं स्वतःच सीझन संपल्यावर ते स्वस्तात विकतात. त्यातली तुम्हाला आवडणारी कथा पुढे लेखकाच्या संग्रहात आलेली असण्याची शक्यता दाट आहे. पुस्तक घ्या, अंक सोडा.

६. घरच्यांना विचारा, पण तारीख देऊन

"माझे चांदोबा टाकू नकोस हं" असा मेसेज अमेरिकेतून नक्की येणार. आमच्या धाकट्या दिरांचा आला. त्यावर भांडायचं नाही, ढिगाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि लिहायचं: अमुक तारखेपर्यंत कोणाला काय हवंय ते नावानिशी सांगा, न्यायची सोय तुम्ही करायची, नाहीतर पुढचा निर्णय आमचा. तारीख पुढच्या भारतभेटीची ठेवलीत तर तीन वर्षं गेली समजा. महिनाभर पुरे.

घरात ज्येष्ठ माणूस असेल तर मात्र घाई नको. वडिलांनी वर्गणी भरून जमवलेलं त्यांच्या डोळ्यांदेखत तराजूवर जाऊ द्यायचं नाही, एवढं भान ठेवा. त्यांनाच वीस अंक निवडायला सांगा. एकेक अंक हातात घेऊन ते काहीतरी सांगतात, तेव्हा फोनचा रेकॉर्डर चालू करून बाजूला ठेवा (आधी सांगून).

७. ठेवायचे ते कसे ठेवायचे

पिना काढा. गंजलेली पिन कागद खाते, भोवती तपकिरी डाग पसरतो. बोथट सुरीने पिनेचे पाय आतल्या बाजूने सरळ करा, मग मागून ओढा, आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याचे दोन टाके घाला.

सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन नको. रबरबँड नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते वितळून चिकटतात. वर्तमानपत्रात गुंडाळणं ही सर्रास पद्धत आहे आणि वाईट आहे, कारण न्यूजप्रिंट आम्लधर्मी असतो, तो शेजारच्या कागदालाही पिवळं करतो. जुन्या स्वच्छ सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा त्यापेक्षा कितीतरी चांगला. हवाबंद प्लास्टिकमध्ये दमट अंक कोंडलात तर आत बुरशीची शेती होते.

पातळ अंक उभे ठेवले की वाकतात, आडवे रचा, थप्पी वीतभरच. स्टीलचं कपाट असेल तर फारच छान, भिंतीपासून चार बोटं लांब. डांबरगोळ्या टाकायच्या तर बंद कपाटातच, झोपायच्या खोलीत आणि लहान मूल असलेल्या घरात नकोत, तो वास अंगाला चांगला नाही. आमच्याकडे वेखंड आणि कडुनिंबाचा वाळवलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवतात, पण खरं काम दर वर्षी एकदा सगळं काढून झटकण्याने होतं. तेवढं होणार नसेल तर ठेवू नका, दुसऱ्याला द्या.

कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा: अंक का ठेवला आणि कोणत्या पानासाठी. "पान ४७, आजीचं पत्र." हे लिहिलं नाही तर पुढच्या आवरणाऱ्याला तो नुसता जुना अंक.

फक्त एखादा लेख हवा असेल तर फोनने स्कॅन करा. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, पान सपाट, आणि अनुक्रमणिका व कव्हरचाही फोटो घ्या, नाहीतर लेख कुठल्या अंकातला ते नंतर कळत नाही. फाइलला नाव द्या: मासिक, वर्ष, महिना, पान. गूगल ड्राइव्हमध्ये फोटो टाकून गूगल डॉक्सने उघडला तर मराठी मजकूर टाइप होऊन मिळतो, जोडाक्षरं तपासावी लागतात. जुन्या किर्लोस्कर मासिकांत 'अि', 'अी', 'अु' अशी सावरकरी लिपी आहे, तिथे हाताने दुरुस्ती धरूनच चाला.

स्कॅन स्वतःपुरतं ठेवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे अख्खे अंक पीडीएफ करून शंभर ग्रुपवर फिरवणं बरोबर नाही.

८. द्यायचे असतील तर

सगळ्यात मोठी चूक: गाडीत घालून थेट वाचनालयाच्या दारात. बहुतेक ठिकाणी जागाच नसते, आणि संकोचाने ठेवून घेतलेले अंक तिथूनही रद्दीतच जातात. आधी यादी करा. मासिकाचं नाव, वर्ष, महिना, कव्हर आहे का, पानं पूर्ण आहेत का, अवस्था कशी, एवढे रकाने पुरतात. सोबत चार फोटो. मग फोन.

विचारायचं कुठे? आधी गावातलंच जुनं वाचनालय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर, ठाण्याचं आणि मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय या सगळ्या शंभरी ओलांडलेल्या संस्था आहेत. वाङ्मयीन मासिकं असतील तर महाराष्ट्र साहित्य परिषद किंवा नागपूरकडे विदर्भ साहित्य संघ. गोव्यातले असाल तर पणजीची सेंट्रल लायब्ररी. जुन्या इतिहासाशी संबंधित काही असेल तर धुळ्याचं राजवाडे मंडळ. दुसऱ्या ढिगासाठी मात्र जिथली वस्तू तिथेच विचारा: शाळेचं वार्षिक शाळेला, स्मरणिका त्या मंडळाला. पुष्कळदा त्यांच्याकडेच प्रत नसते आणि अमृतमहोत्सव तोंडावर आलेला असतो.

फोनवर तीन गोष्टी विचारा: डबल प्रतींचं तुम्ही काय करता, पोच देणार का, आणणं कोणाकडे. "सगळं घ्या नाहीतर काही नाही" अशी अट घालू नका, त्यांना हवे तेवढेच घेऊ द्या. आणि आमच्या नावाचं कपाट करा, फोटो लावा असलं काही मागू नका, प्लीज.

९. विकायचे असतील तर

अपेक्षा कमी ठेवा. ऑनलाइन कोणीतरी हजारो रुपये किंमत लावलेली दिसते, ती लावलेली किंमत असते, विकली गेलेली नव्हे. पुण्याचा जुना बाजार, माटुंग्याला किंग्ज सर्कलचे पुस्तकवाले, असे लोक गठ्ठ्याने बघतात आणि निवडून घेतात. निवडून घेऊ द्या पण आधी चाळून झालेलं असू द्या, पायरी तीन आठवतेय ना. वर्षाचे बारा अंक पूर्ण असतील तर ते सुटे करू नका, संग्राहकाला पूर्ण वर्षच लागतं.

१०. रद्दी

उरलेलं द्यायच्या आधी प्लास्टिकची वेष्टनं, सीड्या आणि स्पायरल काढा. वर्तमानपत्रं आणि मासिकं वेगवेगळी बांधा, कारण मासिकांना भाव सहसा कमी मिळतो आणि एकत्र असलं की सगळंच कमी भावात मोजलं जातं. दोन रद्दीवाल्यांना भाव विचारा. स्प्रिंगचा काटा असेल तर रिकामा असताना शून्यावर आहे का बघा, किंवा घरचा पाच किलोचा तांदूळ आधी लावून बघा, रद्दीवाला काही बोलत नाही, फक्त हसतो आणि मग नीट मोजतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नसेल तर उतरवण्याचे पैसे तो धरणार, ते आधीच बोलून घ्या.

आणि घरात अजून चालू असलेल्या वर्गण्या कोणत्या आहेत, त्या कधी संपतात, हे त्याच वहीत लिहून ठेवा, म्हणजे पत्ता बदलल्यावर अंक जुन्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे साठत बसणार नाहीत.